पंचिंगचे सॉफ्टवेअर बदलावे काय?

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या धंद्यातील आमच्या ओळखीच्या कारखानदारांमध्ये सध्या एकाच प्रश्नाची चर्चा आहे. डिझाइन तयार करण्याचे, म्हणजे बाजारच्या भाषेत पंचिंगचे, जे सॉफ्टवेअर गेली दहा-पंधरा वर्षे आपण वापरत आलो ते सोडून आता दुसरे घ्यावे काय? प्रश्न उगाच निघालेला नाही. जुने संगणक एकामागून एक बंद पडत आहेत. विंडोज ७ ची देखभाल कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबवली व विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नवा संगणक आणला की त्यावर जुने सॉफ्टवेअर चढत नाही, आणि कंपनीकडे तक्रार करावी तर तोंड नाही. कारण ते सॉफ्टवेअर आपण विकत घेतलेलेच नव्हते. कोणीतरी पेन ड्राइव्हवर आणून, कुलूप फोडून, हजार-दोन हजारांत बसवून दिलेले होते. हे लिहिताना आम्हास संकोच वाटतो, पण हे लिहिल्याखेरीज पुढचे लिहिता येणार नाही. आमच्याकडेही तसेच होते.

आमचा मूळ व्यवसाय कापडाचा. ड्रेस मटेरियल घाऊक घ्यायचे, त्यावर भरतकाम करून घ्यायचे व पुढे विकायचे. हे भरतकाम आधी अड्ड्यावर हाताने होत असे. नंतर ते मशीनवर होऊ लागले, आणि बाहेर जॉबवर देता देता एक दिवस आम्हीच बारा हेडची दोन मशीन टाकली. म्हणून या प्रश्नाकडे आम्ही व्यापारी म्हणूनही पाहतो व कारखानदार म्हणूनही. तरुण मंडळी दुकानावर येऊन विचारतात, "चाचा, कोणते सॉफ्टवेअर घेऊ?" आम्ही त्यांना उलट विचारतो की बाबांनो, तुमची डिझाइन्स आज कोणत्या फाइलीत आहेत व त्या फाइली कोणाच्या ताब्यात आहेत? बहुतेकांना याचे उत्तर देता येत नाही. म्हणून प्रथम तेच समजून घेऊ.

पंचिंग या शब्दात या धंद्याचा इतिहास आहे. पूर्वी मशीनला डिझाइन द्यायचे ते कागदी पट्टीला भोके पाडून. पुढे फ्लॉपी आली, मग पेन ड्राइव्ह आला. भोके गेली, शब्द राहिला. काम मात्र तेच आहे. सुई कोठून निघेल, कोठे टोचेल, दोरा कोठे कापला जाईल हे एकेका टाक्याचे आधी ठरवून ठेवायचे. कागदावर काढलेला मोर मशीनला कळत नाही. मोराची मान साटन टाक्याने भरायची की साध्या भरावाने, टाके कोणत्या दिशेने पडतील, खाली आधाराचे टाके किती द्यायचे, जॉर्जेट ओढले जाते म्हणून कड किती रुंद धरायची, हे सारे पंचिंग करणारा ठरवतो. कापड बदलले की हे हिशेबही बदलतात. जाड सुती कापडावर उत्तम बसलेली बुट्टी शिफॉनवर चुण्या पाडते. अड्ड्यावरचा उस्ताद जे बोटाने व नजरेने करी तेच हा मुलगा माऊसने करतो. त्याला कोणी कारागीर म्हणत नाही, 'कॉम्प्युटरवाला' म्हणतात, हे आम्हास कधीच पटले नाही.

पंचिंग झाले की दोन प्रकारच्या फाइली तयार होतात. एक मशीनला देण्याची. आपल्याकडे ती बहुधा डीएसटी असते. हा नमुना जपानच्या ताजिमा कंपनीचा, पण आज जवळजवळ सर्व मशीन तो वाचतात. दुसरी फाइल सॉफ्टवेअरची स्वतःची असते, जशी ऑस्ट्रेलियाच्या विल्कॉम कंपनीची ईएमबी. हिला आपण मास्टर म्हणू. डीएसटीत फक्त सुईची चाल लिहिलेली असते. एक दशांश मिलिमीटरच्या मापाने उजवीकडे इतके, वर इतके, येथे उडी, येथे रंग बदलण्यासाठी थांबा. कोणता रंग, हेही ती सांगत नाही. हे पान आहे, ही वेल आहे, याचा तिला पत्ता नसतो. मास्टरमध्ये मात्र पान हे पान म्हणून नोंदलेले असते. त्याची कड, टाक्याची जात, टाक्यांची दाटी, खालचा आधार, सारे वेगवेगळे लिहिलेले असते व हवे तेव्हा बदलता येते.

व्यवहारात याचा फरक कोठे पडतो? समजा ३८ साइजच्या कुर्त्याचा गळा तयार आहे व गिऱ्हाईक ४४ साइजचा मागते. मास्टर मोठी केली की सॉफ्टवेअर टाके नव्याने मोजते व जेथे लागतील तेथे वाढवते. नुसती डीएसटी ओढून मोठी केली तर टाके तेवढेच राहतात, एकमेकांपासून लांब जातात व मधून कापड डोकावू लागते. लहान केली तर सुई एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचते, दोरा तुटतो व पातळ कापड चिरते. शेकडा दहाच्या आतला फरक निभावून जातो, त्यापुढे माल बिघडतो. टाक्यांवरून आकार ओळखून डीएसटीची पुन्हा मास्टर बनवून देतो असे काही सॉफ्टवेअरवाले सांगतात. अक्षरे व साध्या बुट्ट्या जमतात. दाट भरलेली वेल जमत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणि एका कंपनीची मास्टर दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर सहसा उघडत नाही. सॉफ्टवेअर बदलण्याचा खरा खर्च हा आहे. किंमत पावतीवर दिसते, पण हा खर्च सहा महिन्यांनी दिसतो, जेव्हा जुन्या डिझाइनची दुसऱ्या साइजची ऑर्डर येते.

हा प्रश्न केवळ आपल्या धंद्याचा नाही. आमच्या परिचयातील एक गृहस्थ नात व हम्दचे ध्वनिमुद्रण करतात. त्यांनीही मध्यंतरी ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर बदलले. जुन्या सॉफ्टवेअरमधील काम नव्यात उघडेना. मुख्य आवाज वेगळा, साथीचे आवाज वेगळे, त्यांची कमी-जास्त पातळी वेगळी, असे सर्व त्या कामाच्या फाइलीत होते. शेवटी त्यांनी जुने बंद करण्याआधी प्रत्येक आवाज सुरुवातीपासून अखेरपर्यंत स्वतंत्र साध्या ध्वनी-फाइलीत काढून ठेवला. पातळ्या पुन्हा बसवाव्या लागल्या, पण आवाज वाचले. आपल्याकडे असा सोपा मार्ग नाही. आपली साधी फाइल म्हणजे डीएसटी, आणि ती शिजलेला भात आहे. त्यातून तांदूळ परत मिळत नाहीत.

आता आमच्यावर बेतलेली हकिकत. काही वर्षांपूर्वी रमजानच्या तीन आठवडे आधी, सकाळी मुलाने संगणक सुरू केला तर एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत मजकूर, की पैसे भरा म्हणजे फाइली मोकळ्या करू. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. तो मजकूर शेजारच्या दुकानातील कॉलेजच्या मुलाकडून वाचून घ्यावा लागला. फोडलेले सॉफ्टवेअर चालावे म्हणून बसवणाऱ्याने व्हायरस अडवणारा प्रोग्राम कायमचा बंद करून ठेवला होता. तसे त्याने सांगितलेही होते, आम्हीच मान हलवली होती. सॉफ्टवेअरच्या कंपनीचा यात काडीचा दोष नाही, म्हणून तिचे नाव लिहीत नाही. सुमारे सहाशे मास्टर गेल्या. डीएसटी मशीनजवळच्या पेन ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या व मशीन थांबले नाही. पण त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने मागच्या वर्षीचा गळा मोठ्या साइजमध्ये मागितला. आम्ही डीएसटी ओढून दिला. माल परत आला. आला तो ईदच्या चार दिवस आधी, जेव्हा त्याचे दुसरे काहीच करता येत नव्हते. पैसे गेले ते गेले, ते गिऱ्हाईकही गेले.

त्या रमजानमध्ये आम्ही या विषयाचा नीट विचार केला. आपण सर्वजण डिझाइनचोरीची ओरड करतो. सोमवारी माल दुकानात लावावा आणि पुढच्या सोमवारी तीच वेल, तोच गळा, हलक्या दोऱ्यात व कमी भावात बाजारात यावा, हे दुःख एम्ब्रॉयडरीचा माल विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मीटिंगा होतात, ठराव होतात. पण ठराव करणाऱ्यांपैकी किती जणांच्या संगणकात विकत घेतलेले सॉफ्टवेअर आहे? आणि किती जणांच्या कपाटात 'पन्नास हजार डिझाइन्स' असे लिहिलेली, बिनबिलाची हार्ड डिस्क आहे? त्या डिस्कमध्ये आपलीच डिझाइन्स सापडली तर नवल वाटायला नको. आम्हास सापडली आहेत. दोन होती, आणि फाइलीचे नावही आमच्याच मुलाने दिलेले होते.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हा संरक्षित ग्रंथासारखाच धरला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३-ब घातले गेले. चोरीची प्रत आहे हे जाणून जो ती संगणकावर वापरील त्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता सूट देऊ शकते. कारखानदाराला ती सूट मिळण्यासारखी नाही.

त्याच कायद्याचे कलम १५ आपल्या स्वतःच्या डिझाइनांसाठी महत्त्वाचे आहे आणि बाजारात ते फार थोड्यांना माहीत आहे. जे डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, त्याचे नग मशीनवर पन्नासापेक्षा जास्त निघाले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. बारा हेडच्या मशीनवर पाचव्या फेरीतच आपण साठ नगांवर जातो. म्हणजे दुपारच्या जेवणाआधी हक्क संपला. नोंदणी करायची तर माल बाजारात दाखवण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. नोंदणी झाली तर १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. प्रत्येक बुट्टीसाठी हे कोणी करणार नाही, परंतु वर्षातून ज्या चार-पाच डिझाइनांवर दुकान चालते त्यांच्यासाठी करावयास हरकत नाही.

दीनच्या दृष्टीने काय, असे काही जण विचारतात. काहीजण तर विचारण्याआधीच उत्तर देतात, की कंपनी परदेशी आहे, श्रीमंत आहे, तिला काय फरक पडतो? हा युक्तिवाद आम्हास मान्य नाही. गिऱ्हाईक श्रीमंत आहे म्हणून गजात बोटभर कमी मोजावे असे कोणी म्हणेल काय? सूरह मुतफ्फिफीन ज्या दुकानदारांविषयी आहे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या श्रीमंतीची चौकशी तेथे केलेली नाही. हे खरे की पूर्वीच्या काही हनफी उलेमांनी अशा हक्कांना मालमत्ता मानले नव्हते, कारण त्यांच्यासमोर हातात धरता येईल असा माल नव्हता. परंतु काळ बदलला तसा विचारही झाला. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या, जिद्दा येथे कार्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात ठराव क्रमांक ४३ केला. व्यापारी नाव, व्यापारी चिन्ह, लेखनाचे व शोधाचे हक्क हे त्यांच्या मालकांचे शरीअतने मान्य केलेले हक्क आहेत व त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. आम्ही आलिम नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या भागातील मुफ्तीसाहेबांना विचारावे. मात्र विचारताना प्रश्न पुरा विचारावा, म्हणजे हे सॉफ्टवेअर आम्ही कमाईसाठी वापरतो हेही सांगावे.

बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला व आतून ओल लागली, हा प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी मदरशात ऐकलेला आहे. आम्ही गिऱ्हाइकाला जो माल देतो तो वरून कोरडाच असतो. ओल आमच्या संगणकात आहे.

तर आता करावे काय? आमचे मत स्पष्ट सांगतो. ज्याच्याकडे एकाच सॉफ्टवेअरमध्ये शेकडो मास्टर साठलेल्या आहेत व पंचिंग करणारा मुलगा त्यातच तयार झालेला आहे, त्याने सॉफ्टवेअर बदलू नये. त्याने तेच सॉफ्टवेअर विकत घ्यावे. पूर्ण संचाची किंमत लाखांत जाते हे आम्ही जाणतो. पण विक्रेते सहसा सांगत नाहीत की पूर्ण संच घेण्याची गरज नसते. बहुतेक कंपन्यांच्या वरच्या-खालच्या पातळ्या असतात. टिकल्यांचे काम नसेल तर टिकल्यांचा भाग घेऊ नये, चित्रावरून आपोआप पंचिंग करणारा भाग तर मुळीच घेऊ नये. बिल पक्के घ्यावे. जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्यास त्यावरचा कर वजा मिळतो व आयकरात घसारा धरता येतो. कंपोझिशनमध्ये असलेल्यास करवजावट मिळत नाही, त्याने तो खर्च धरूनच हिशेब करावा. फोडलेल्या प्रतीवर यातले काहीच मिळत नाही, हे आमच्या मुनिमाने आम्हास दाखवून दिले तेव्हा फरक वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला.

काही कंपन्या सॉफ्टवेअर मासिक वा वार्षिक भाड्यानेही देतात. आमच्या वाचकांपैकी जे व्याजापासून दूर राहतात त्यांना ही सोय उपयोगी आहे. हप्त्याने घ्यावयाचे तर फायनान्सवाला मध्ये येतो व व्याज येते. भाडे हे भाडेच असते. दुकान भाड्याने घेतो तसे हेही घेतले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी की भाडे थांबले की मास्टर पुन्हा कुलपात. सीझनच्या मध्यावर भाड्याची तारीख येत असेल तर ती आधीच सांभाळावी.

ज्याचे एकच मशीन आहे व महिन्याला दोन-चार डिझाइन्सच लागतात त्याने सॉफ्टवेअरच्या फंदात पडूच नये, असे आम्ही म्हणू. रीतसर सॉफ्टवेअर असलेल्या पंचिंगवाल्याकडून डिझाइन करून घ्यावे. पण पैसे देताना डीएसटीबरोबर मास्टरही मागावी, आणि हक्क आपल्याकडे राहील असे दोन ओळींत लिहून घ्यावे. पगारी नोकराने नोकरीत केलेले काम, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालकाचे ठरते. बाहेरच्या पंचिंगवाल्याचे तसे नाही. लिहून घेतले नाही तर डिझाइन त्याचेच राहते व तो ते दहा जणांना विकू शकतो. त्याने तसे केले तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

राहिले ते नवशिके. इंकस्टिच नावाचे एक सॉफ्टवेअर आहे, ते इंकस्केप या चित्र काढण्याच्या मोफत प्रोग्रामला जोडून चालते. त्याला पैसे लागत नाहीत व ते मोफत वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे, कारण बनवणाऱ्यांनीच तशी परवानगी दिलेली आहे. ते डीएसटी काढून देते. मोठ्या कारखान्याला ते पुरेल असे आम्ही म्हणत नाही. दाट भराव, टिकल्या, मोठ्या बॉर्डरी यांत मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर्स पुढे आहेत. पण नाव, मोनोग्राम, शाळेचा बिल्ला, साधी बुट्टी एवढ्या कामासाठी चोरी करण्याचे कारण आता उरलेले नाही. ज्या मुलांना हा हुन्नर शिकायचा आहे त्यांनी यावरच सुरुवात करावी.

आणि ज्याला खरोखर बदलायचेच आहे त्याने विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहून निर्णय घेऊ नये. विक्रेता त्याचे डिझाइन, त्याचे कापड व त्याचा दोरा घेऊन येतो. आपली तीन डिझाइन्स घ्यावीत. एक लहान बुट्टी, एक भरलेला गळा व एक टिकल्यांची बॉर्डर. ती नव्या सॉफ्टवेअरवर आपल्याच मुलाकडून करून घ्यावीत, आपल्याच कापडावर, आपल्याच मशीनवर काढावीत व टाके मोजावेत. टाके म्हणजे वेळ. मिनिटाला ८०० टाक्यांच्या वेगाने ४०,००० टाक्यांचे डिझाइन ५० मिनिटांत उतरते. तेच डिझाइन नव्या सॉफ्टवेअरने ४६,००० टाक्यांत केले तर साडेसत्तावन्न मिनिटे लागतात. साडेसात मिनिटांनी काय होते असे वाटेल. बारा तासांच्या पाळीत अशा बारा फेऱ्या धरल्या तर दीड तास गेला, आणि गिऱ्हाईक जास्तीच्या टाक्यांचे पैसे देत नाही, कारण भाव नगावर ठरलेला आहे. दोरा कापण्याच्या जागाही मोजाव्यात. प्रत्येक ठिकाणी मशीन काही सेकंद थांबते व मागे धाग्याची शेपटी राहते, ती काढायला एक बाई बसवावी लागते. पडद्यावर सुंदर दिसणारे डिझाइन या हिशेबात पुष्कळदा नापास होते.

सर्वांत अवघड बाब आम्ही मागे ठेवली आहे, ती म्हणजे पंचिंग करणारा मुलगा. आमच्याकडचा मुलगा सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजी येत नाही. पण सॉफ्टवेअरची प्रत्येक खूण त्याला जागेवरून पाठ आहे. वरून तिसरी, डावीकडून पाचवी. डोळे मिटून हात जातो. आम्ही दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर चाचणीसाठी आणले तेव्हा तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चाचा, यात मी पुन्हा शागिर्द झालो." चाचणीत त्याला एका गळ्याला जिथे अर्धा दिवस लागे तिथे अडीच दिवस लागले. महिन्याभरात हात बसेल, हे खरे. पण तो महिना कोणाच्या खिशातून जाणार, हे मालकाने आधी ठरवले पाहिजे. काही कारखान्यांत मुलाला डिझाइनवार पैसे मिळतात. तेथे मालकाने सॉफ्टवेअर बदलले की मुलाची कमाई आपोआप निम्म्यावर येते व त्याविषयी कोणी अक्षर काढत नाही. ज्याला डिझाइनवार पैसे देता त्याला शिकण्याच्या काळात ठरीव पगार द्यावा. ही मेहरबानी नव्हे, बदलाच्या खर्चातील ही एक बाब आहे व ती हिशेबात धरलीच पाहिजे.

बदल सीझनमध्ये करू नये हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो. रमजान, लग्नसराई व दिवाळी टाळून जे दोन महिने मिळतील तेच. जुना संगणक मोडीत देऊ नये. इंटरनेट काढून, वेगळा ठेवून, त्यातील सर्व मास्टर आधी दोन ठिकाणी उतरवून घ्याव्यात. त्यातली एक जागा कारखान्याच्या बाहेर असावी.

आम्ही शेवटी सॉफ्टवेअर बदलले नाही. होते तेच, खालच्या पातळीचे, टिकल्यांच्या भागासह, पक्क्या बिलाने घेतले. गेलेल्या सहाशेपैकी ज्यांची मागणी वारंवार येते अशी सुमारे ऐंशी डिझाइन्स मुलाकडून नव्याने पंच करून घेतली. त्याला पाच महिने लागले व त्या काळाचा पगार आम्ही वेगळ्या खात्यात मांडला आहे, म्हणजे फुकटच्या सॉफ्टवेअरची खरी किंमत वहीत दिसत राहील. कपाटातील त्या हार्ड डिस्कचे काम अजून राहिले आहे. तिच्यातील जी डिझाइन्स आमच्या बिलाची आहेत ती वेगळी काढणे चालू आहे. उरलेल्यांचे काय करावे याबाबत भागीदारांत मतभेद आहेत. धाकटे बंधू म्हणतात ठेवू, पाहायला उपयोगी पडतात. आमचे मत ती पुसून टाकावीत असे आहे, व पुढच्या जुम्याला नमाजनंतर बसून याचा निकाल लावायचा ठरले आहे.